जामिनावरचा शेजारी

आमच्या घरात हळू बोलणं कुणाला जमलंच नाही. पुढच्या अंगाला अण्णांची पिठाची गिरणी, मागं आम्ही तिघं राहायचो, आणि मधे नुसता पत्र्याचा आडोसा. गिरणी सुरू झाली की फळीवरची ताटं थरथरायची आणि माय चुलीपुढून बोंबलायची, "सुमे, पाणी आन गं, तवा जळतोय!" पुढून अण्णा ओरडायचे, "आरं, कोन हाय तिकडं, जवारी सांडली सगळी!" आणि मी त्या दोघांच्या मधे कानात बोटं घालून भूगोल पाठ करायचे. लग्न होऊन गेले तेव्हा पहिल्याच सकाळी सासूबाई म्हणाल्या, "बाई गं, मी बहिरी न्हाई." पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाले तेव्हा मात्र हाच आवाज कामाला आला. मी चौथीवर खेकसले की शेजारच्या वर्गातली सातवीची पोरं गप्प बसायची. अजून फोनवर बोलताना सूनबाई हात दाखवून सांगतात, आई, हळू.

गाव तेलगावच्या पुढं, फाट्यावरून आत. दिवस उगवला की गिरणीचे दगड टाकवायच्या छिन्नीची टकटक, मग मोटारीची घरघर, मग डोक्यावर डबे घेऊन आलेल्या बायांची चावडी. कुणाची सून काय म्हणाली, कुणाच्या म्हशीनं दूध कसं चोरलं, सगळं गाव आमच्या गिरणीत दळून निघायचं. अण्णांच्या भुवयांवर पीठ, मिशांवर पीठ. मी लहानपणी समजायचे की माझा बाप जन्मतः पांढराच आहे. दुपारी गिरणी थंड झाली की ते पत्र्याला टेकून जेवायचे: ज्वारीची गरम भाकर, येसराची आमटी, वर कच्चा कांदा बुक्कीनं फोडलेला. आमटी अशी जहाल की नाकातोंडातून पाणी, आणि तरी माय विचारायची, "तिखट कमी झालं का ओ?"

आमच्या मागच्या खोलीची एक भिंत ताराकाकूंच्या घराची. भिंत एकच, इकडून आमची, तिकडून त्यांची. तिच्यात वितभर झरोका होता आणि त्यातून दोन्ही घरांचा संसार चालायचा. विरजण, काड्याची पेटी, कढीपत्ता, चहाची वाटीभर साखर. काकू विधवा, एकुलता एक मुलगा अंगद. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला अंगददादा म्हणायचे. माझ्या आधीची दोन भावंडं वाचली नव्हती. राखी बांधायला मला तोच. आमच्या ताटात तो किती वेळा जेवला असेल याचा हिशोब कोण ठेवतो? मायच्या हातचे धपाटे त्याला लई आवडायचे. झरोक्याशी तोंड लावून ओरडायचा, "काकू, वास आलाय बरं का!"

मग तो एका पुढाऱ्याच्या मागं लागला. नदीतली वाळू उपसायची, ट्रॅक्टर भरायचे आणि मोकाट सोडायचे. आधी पांढरा शर्ट आला, मग बोटात अंगठ्या, मग कमरेला गावठी कट्टा. एका वरातीत त्यानं तो वर करून उडवला तेव्हा पोरं शिट्ट्या मारत होती आणि ताराकाकू पदरात तोंड लपवून रडत होत्या. तेव्हाच कुणीतरी दोन कानाखाली द्यायला पाहिजे होत्या. पण गाव म्हणजे गाव. समोर सगळे "अंगदराव, अंगदराव", आणि पाठ फिरली की शिव्या.

त्या उन्हाळ्यात गिरणीपुढच्या रस्त्यातला नळाचा पाइप वाळूच्या ट्रॅक्टरनं फोडला. बायांनी जोडून घेतला, परत फोडला. तिसऱ्यांदा फोडला तेव्हा अण्णा गिरणी बंद न करता तसेच बाहेर गेले, ट्रॅक्टर अडवला आणि चावी काढून खिशात घातली. ड्रायव्हर पळत गेला. उन्हं कलायच्या आत अंगद मोटारसायकलवर आला. मी तेव्हा गिरणीत होते, काट्यापाशी. दळणाला आलेल्या तिघी-चौघी बाया होत्या. पुढं कोर्टाच्या कामाला त्या सगळ्या 'तवा आमी घरीच व्हतो' झाल्या, ते सोडा.

"चावी द्या अण्णा."

"पाइप बसव आन् चावी ने."

"लोकांत माझी शोभा करू नका."

"शोभा तर तूच करून राह्यलास, बाळा. बाया कुठून पानी आनतेत, बघितलं का कधी?"

एवढंच बोलणं. बाळा म्हणाले ते त्याला. मोठा आवाज झाला आणि मला वाटलं गिरणीचा पट्टा तुटला. तुटला की असाच आवाज यायचा, म्हणून मी आधी पट्ट्याकडे बघितलं. पट्टा फिरत होता. अण्णा पोटाशी हात धरून पिठाच्या डब्यावर बसत चालले होते, आणि अंगद हातातल्या कट्ट्याकडं असा बघत होता की तो त्याचा नव्हेच.

अण्णा वाचले. बीडहून अंबाजोगाईला नेलं, आतडं कापलं, शिवलं, महिन्याभरानं घरी आले ते वाकूनच. डबा उचलायचं सोडाच, मोठ्यानं हसलं तरी पोट धरायचे. त्यांनी दवाखान्यात पोलिसांना नाव सांगितलं होतं, मीही सांगितलं होतं. अंगदला धरला, तीनशे सात लावलं, म्हणजे खुनाचा प्रयत्न. कट्टा मात्र सापडला नाही. फौजदार आमच्या ओट्यावर चहा पीत म्हणाले, "हत्यार नाही, बाया बोलत नाहीत. आता केस म्हणजे तुम्ही दोघं. बाप आणि लेक." मी बारावीला होते. मला त्या वाक्याचा अभिमान वाटला होता, देवाशप्पथ. केस म्हणजे मी!

त्याचा जामिनाचा पहिला अर्ज फेटाळला. जज म्हणाले, गावात गेला तर साक्षीदारांवर दबाव येईल. बरोबरच बोलले. घरात मग पुन्हा श्वास आला. गिरणी मायनं चालवायला घेतली. ती बाई काय वाघीण होती! पदर खोचून मोटार सुरू करायची, पट्टा चढवायची. झरोक्याला मात्र तिनं चिंध्या कोंबून टाकल्या होत्या. पलीकडून काकूंचा खोकला ऐकू यायचा, आणि माय भाकर थापताना क्षणभर थांबायची.

पावसाळा सरता सरता ताराकाकू गेल्या. खोकल्यानं गेल्या, लेकाच्या घोरानं गेल्या, काय म्हणायचं ते म्हणा. आईच्या मातीसाठी आणि दिवसकार्यासाठी अंगदला कोर्टानं तेवढ्यापुरता सोडला.

आता आमच्या गावची एक रीत सांगितली पाहिजे. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकर घेऊन जातात, त्याला कडू घास म्हणतात. आणि पहिला घास भिंतीच्या घरानं न्यायचा. ज्याची भिंत एक, त्याचं दुःख एक, असं आमच्याकडं म्हातारी माणसं म्हणायची. भिंतीच्या घराचा घास आल्याशिवाय बाकीच्यांच्या भाकरीच्या पाट्या उघडत नाहीत. त्या दिवशी दुपार टळली, सगळ्या बाया आपापल्या पाट्या झाकून पलीकडच्या ओसरीत बसून राहिल्या, आणि सगळ्यांची नजर आमच्या दाराकडं.

मायनं चूल पेटवली. मी म्हटलं, "माय, कुनासाठी करायलीस?"

"ताराबाईसाठी."

"ती मेली. खानार तर त्यो हाय!"

"तुला काय कळतंय? तू पोटात असताना माझी शुद्ध गेलती, तवा हिनंच मांडीवर घेतलं मला. तिच्या घरातलं मानूस उपाशी बसलंय."

"त्यानं अण्णाला गोळी घातली, माय!"

तिनं अण्णांकडं बघितलं. अण्णा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "जाऊ दे तिला. मेल्या मानसाशी वैर न्हाई आन् रीत मोडायची न्हाई. आपून काय जनावर हाय का?"

मी तिच्या मागं दारापर्यंत गेले. आत पाऊल टाकलं नाही, पण दिसत सगळं होतं. पोलीस शिपाई बिडी ओढत उभा. अंगद डोकं भादरून भिंतीशी बसलेला. रीतच अशी की कर्त्याला पहिला घास हातानं भरवायचा, तो आपणहून खात नाही. मायनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि त्याच्या तोंडापाशी नेला. ज्यानं तिच्या नवऱ्याचं पोट फोडलं त्याच्या तोंडात! त्यानं तोंड उघडलं, घास घेतला आणि "काकू" म्हणून तिच्या पायावर पडून ढसाढसा रडला. मायही रडली. बायाही रडल्या. मला आजही वाटतं, ते रडणं खोटं नव्हतं. तेच तर लई वाईट. खोटं असतं तर पुढचं सोसायला सोपं गेलं असतं.

कारण महिन्याभरात त्याच रडण्याची कागदं झाली. ओसरीत बसलेल्या बायांपैकी चौघींनी, सरपंचानं आणि पोलीस पाटलानं बीडच्या कोर्टात शपथेवर लिहून दिलं की जखमीच्या बायकोनं आरोपीला स्वतःच्या हातानं जेवू घातलं, दोन्ही घरांत आता गोडी आहे, कसली भीती नाही, वैर नाही. अंगदच्या वकिलानं ते वाचून दाखवलं म्हणे मोठ्या रसाळपणे. आमच्याकडून सरकारी वकील उभे राहिले आणि म्हणाले, ही तिथली रीत आहे. जज बाहेरच्या जिल्ह्यातले. त्यांनी विचारलं, "घास भरवला की नाही?" भरवला होता. खोटं कसं म्हणणार? जामीन झाला.

परवा सूनबाईंनी मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. कुठल्याशा तालुक्यातला गोळीबारातला आरोपी जामिनावर सुटून आलाय, आणि दोन्ही बाजूंनी जेसीबी उभे करून त्याच्यावर फुलं उधळतायत, गाणी लावलीत. सूनबाई म्हणाल्या, "आई, काय जमाना आलाय!" मी म्हटलं, जमाना काही आला नाही, फक्त जेसीबी आला. आमच्या वेळी ट्रॅक्टरची ट्रॉली होती, हलगी होती आणि गुलाल होता. आमच्या गिरणीपुढं येऊन ट्रॉली थांबली. पोरं नाचली. गुलाल उडून आमच्या दळणात पडला आणि मायनं तो डबाच्या डबा गुरांपुढं ओतला. मोबाईल हातात धरून मी विचार करत होते, ह्या फुलांच्या मागं कुठंतरी एक घर दार लावून बसलं असेल. त्या घराचं चित्र कोण काढतो? त्याच दुपारी मी लिहायला बसले.

जामिनाला अट होती, साक्षीदारांना धमकवायचं नाही, दबाव आणायचा नाही. आणि भिंत एक! सकाळी तो चूळ भरायचा, आम्हाला ऐकू यायची. चमचा पडला की ऐकू यायचा. आम्ही, ज्यांनी जन्मभर ओरडून बोलणं केलं, ते आता घरात कुजबुजायला लागलो. माय मला खुणेनं पाणी मागायची. पोलीस स्टेशनला जाऊन अण्णांनी सांगितलं तर हवालदार म्हणाला, "त्याच्याच घरात बसतोय ना? मग मी काय त्याला झाडावर बांधू?" गिरणीत बाया येईनात. दळण तेलगावला न्यायला लागल्या. अंगद ओट्यावर खुर्ची टाकून बसायचा. कधी शिवी नाही, कधी वटारलेला डोळा नाही. जाता-येता अण्णांना "रामराम" घालायचा. गाव म्हणायचं, बघा, किती सुधारला.

मी जीपनं तेलगावला कॉलेजला जायचे. एकदा सकाळी दप्तर घेऊन निघाले तर ओट्यावरून त्यानं अण्णांना हाक मारली. माझ्याशी नाही बोलला.

"अण्णा, सुमी कोन्त्या गाडीनं येती ओ माघारी? फाट्यापासून चालत येती का? लई सामसूम असती तिथं. जपा पोरीला."

अण्णांच्या हातातला तांब्या खाली पडला. बस्स, तेवढंच बोलला तो. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, "आली का ओ सुमी नीट?" तिसऱ्या दिवशी परत.

अण्णा वाकत वाकत बीडला गेले, सरकारी वकिलांना भेटले, जामीन रद्द करा म्हणून अर्ज झाला. मीही गेलते. त्याचा वकील उभा राहिला आणि हसून म्हणाला, "शेजाऱ्यानं मुलीची काळजी केली, साहेब. गाडीची वेळ विचारणं हा गुन्हा कधीपासून झाला?" कोर्टात मागं बसलेले लोक फिसकन हसले. जजांनी अण्णांना विचारलं, धमकीचे शब्द काय होते ते सांगा. अण्णा हात जोडून उभे. काय सांगणार? 'जपा पोरीला' म्हणाला, असं? अर्ज फेटाळला. येताना वडवणीपाशी अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सुमे, कायद्याला आवाज ऐकू येतो, सूर ऐकू येत न्हाई." माझा बाप चौथी शिकलेला. मी तीस वर्षं शिकवलं, पण एवढं नेमकं बोलले नाही.

मायचं काय सांगू? तिनं त्यानंतर आपल्या उजव्या हाताशी जणू अबोला धरला. "ह्याच हातानं, ह्याच हातानं" म्हणायची आणि तो चुलीच्या कडेवर आपटायची. मी धरायचे. अण्णा म्हणायचे, "मीच तर जा म्हनालतो, तुझा काय दोष?" तर ती आणखीच रडायची. घरात पुन्हा पिठलं झालं नाही. माझं कॉलेज सुटलं. बारावी मी पुढं मावशीकडं आष्टीला राहून बाहेरून दिली, हे इथं नुसतं सांगून ठेवते.

मग एकदाची केस उभी राहिली. जायच्या आदल्या दिवशी मी आरशापुढं उभी राहून पाठ केलं होतं. कोण, कुठून आला, काय बोलला, कुठल्या हातात कट्टा होता. भूगोलापेक्षा पक्कं. मला भीती वाटत होती, नाही कशाला म्हणू? पण त्याहून राग मोठा होता. वाटायचं, एकदा त्या पिंजऱ्यात उभी राहिले की माझ्या ह्या गिरणीच्या आवाजात असं सांगीन की बीडच्या मोंढ्यापर्यंत ऐकू जाईल. जे सगळे 'तवा आमी घरीच व्हतो' झालेत, त्यांना पण ऐकू जाईल.

आधी अण्णांची साक्ष. माझं नाव नंतर होतं, म्हणून मला बाहेर व्हरांड्यात बसवलं. माय माझ्याजवळ. पण दार लोटलेलं, फट होती, आणि आम्हाला भिंतीपलीकडचं ऐकायची सवयच होती.

सरकारी वकिलांनी विचारलं, "गोळी कोणी मारली?"

"कळलं न्हाई, साहेब."

वकिलांनी हातातले कागद चाळले. "म्हणजे? फिर्यादीत तर तुम्ही नाव सांगितलंय."

"दवाखान्यात गुंगीत व्हतो. काय बोललो, ध्यानात न्हाई."

जज स्वतः बोलले, "बाबा, गोळी पुढून लागली ना?"

"व्हय साहेब."

"मग समोरचा माणूस दिसला नाही?"

"गिरनी चालू व्हती. पिठाचा धुरळा लई. दिसलं न्हाई."

"तुमची मुलगी होती ना तिथं? तिनं पाहिलं असं म्हणणं आहे."

अण्णांनी आवाज चढवला, गिरणी सुरू असताना चढवायचे तसा, मला बाहेर ऐकू यावं म्हणून चढवला असंच मला वाटलं.

"पोरगी गिरनीत नव्हतीच, साहेब. ती माघं खोलीत अभ्यास करत व्हती. लेकराला कायबी म्हाईत न्हाई. आमीच तिला नाव सांगायला लावलतं."

मायनं माझं मनगट घट्ट धरलं. मी उठले होते. तिनं खाली ओढलं आणि तोंडावर हात ठेवला, तोच उजवा हात. मी चावले नाही, ओरडले नाही. तिच्या डोळ्यांत बघितलं आणि कळलं की हे दोघांचं आधीच ठरलेलं आहे. मलाच सांगितलं नव्हतं.

अण्णांना फितूर जाहीर केलं. सरकारी वकील बाहेर आले, माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि आत जाऊन सांगितलं की पुढची साक्षीदार सोडून देतो. पुराव्याअभावी अंगद सुटला. आज त्याच्या नावापुढं तीन-चार पदं लागतात, आणि दिवाळीला त्याचा फोटो आमच्या फाट्यावर टांगलेला असतो. अण्णा त्याच घरात, त्याच भिंतीला पाठ लावून म्हातारे झाले आणि गेले. त्या दिवसाबद्दल मी त्यांना कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. मी जिवंत राहिले, शिकले, नोकरी केली, लेकरं झाली. ह्या सगळ्याची किंमत म्हणून माझा बाप बीडच्या कोर्टात साक्ष फिरवणारा, खोटा माणूस ठरला आणि कागदावर तसाच राहिला.

व्हरांड्यात ते बाहेर आले, पोटाशी हात धरून. म्हणाले, "चला, गाडी लागली आसंल."

"आन् माझी साक्ष, अण्णा?"

"तुला आता कुनी इचारत न्हाई, पोरी."

खरंच कुणी विचारलं नाही. एवढं आयुष्य गेलं, केस पांढरे झाले, विचारणारे मेले. म्हणून आता न विचारताच सांगते. त्या दिवशी गिरणीत धुरळा नव्हता. दळण संपत आलं होतं, ऊन दारातून सरळ आत पडलं होतं आणि मी काट्यापाशी उभी होते, चार पावलांवर. मला स्वच्छ दिसलं. साहेब, तो अंगददादा होता.